रामदासच्या नावाचा श्वास

सोम., ८ सप्टेंबर

आजपासून आणखी एक शीट माझ्या गळ्यात. वेल्डिंगचा धूर ओढायच्या यंत्राची. रोज सकाळी चार सोंडा बघायच्या, फिल्टरच्या पेटीवरचा काटा बघायचा, चौकटीत 'ओके' लिहायचं, सही ठोकायची. सोंड हे नाव शॉपमधल्या लोकांनी ठेवलं. छतातून वाकून टेबलावर येणारा जाड लवचिक पाइप, पुढे नरसाळ्यासारखं तोंड. गणपती परवाच गेले, दुसरं नाव सुचणार कुठून.

यंत्र आलं ते गिऱ्हाइकाच्या ऑडिटसाठी. ऑडिटवाला आला, फोटो काढले, चहा प्यायला, गेला. त्या दिवसापासून तीन सोंडा तोंड वर करून उभ्या. चौथी रामदासच्या टेबलावरची. तिच्यावर त्याने नॅपकिन वाळत घातला होता.

लिहिलं 'ओके'. त्या चौकटीत मावतंच तेवढं. बाकीचं इथे लिहीन म्हणतो. मेंटेनन्सची गेल्या सालची डायरी कोरी पडली होती, ती उचलली.

बुध., १० सप्टें.

रामदास दिवसभर खोकत होता. माझा साडू आहे म्हणून नाही म्हणत, पण शॉपमधला सगळ्यांत चांगला हात त्याचा. वायनरीच्या स्टीलच्या टाक्या आत बसून जोडायच्या तर त्यालाच पाठवतात. वेल्डिंगची शिवण अशी घालतो की ग्राइंडिंगवाल्याला काम उरत नाही.

सतरा वर्षांपूर्वी मीच त्याला अंबडला ह्या कंपनीत आणला, मीच शिकवला. पहिल्या दिवशी काय सांगितलं तेही आठवतं. "डोकं खाली घाल. धुराला भ्यालास तर शिवण दिसायची नाही." मोठा शहाणा होतो मी. पुढे माझी नजर कमी झाली आणि मला मेंटेनन्सला टाकलं. डोळे गेले म्हणून छाती वाचली. त्याची नजर अजून घारीची, म्हणून तो अजून धुरात.

सोंड का वापरत नाहीस, विचारलं.

"साडूभाऊ, ती धुरासंगं शिवणीवर सोडायचा गॅसबी वढून घेती. गॅस हालला की शिवणीत छिद्रं. मंग देवरे साहेब सोंडंला बोलणार हायेत का मला?"

 टाकी परत आली की मॅनेजर देवरे साहेब वेल्डरलाच उभा करतात, हे मी वीस वर्षं वेल्डिंग करून शिकलोय.

शुक्र., १२ सप्टें.

शिफ्ट सुटताना गुळाचा खडा वाटतात ना, तो रा. आधी घेतो, मग हात धुतो. म्हणतो, गुळानं धूर उतरतो. म्हटलं, अरे धूर छातीत, गूळ पोटात, दोघांची गाठ पडायची कुठे? म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलेलं."

सांगितलं असेल. मला माझ्या उस्तादाने सांगितलेलं.

रवि., १४ सप्टें.

सुट्टी. विल्होळीला रा.कडे पित्र जेवायला. त्याच्या वडलांचं. मी आणि बायको सुनंदा. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं बेतशीर. मंगल (सु.ची धाकटी बहीण, रा.ची बायको) सकाळपासून एकटी राबत होती.

कावळ्याचा घास गच्चीवर ठेवायला रा. ताट घेऊन निघाला. मी मागोमाग. जिना काही मोठा नाही, पायऱ्या पंधरा-सोळा. मधल्या पायरीवर थांबला. ताट भिंतीला टेकवलं. मला वाटलं, काही विसरला. विसरला नव्हता. श्वास घेत होता. मागे वळून म्हणाला, "कावळा काय पळून नाय चालला." मीही हसलो. दोघांनीही नाटक केलं.

वर कावळा लगेच आला. मंगलला बरं वाटलं, सासरे तृप्त झाले म्हणाली. मग ताटं आवरताना हळूच: "दाजी, ते आडवे झोपत नाहीत आता. दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. तुम्ही कंपनीत बघा की काहीतरी. तुमचं ऐकतात ते."

मी खीर पुन्हा वाढून घेतली. 

सोम., १५ सप्टें.

लिहून टाकतो. कुठेतरी लिहायलाच हवं.

दरवर्षी दिवाळीनंतर कॅन्टीनमध्ये तपासणीचं शिबिर असतं. छातीची फुंकायची टेस्ट. नळीत जोरात फुंकायचं, यंत्र आकडा काढतं. दोन वर्षांपूर्वी रा.चा आकडा कमी आला होता. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षी आणखी उतरला तर वेल्डिंग बंद.

गेल्या वर्षी शिबिराच्या सकाळी रा. माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी. "वेल्डिंग गेली तर मी काय करू साडूभाऊ? झाडू मारू? दुसरं काय येतं मला?" शिबिराची माणसं बाहेरची, तोंडओळख कोणाशी नाही, यादीतलं नाव पुकारतात आणि नळी हातात देतात. त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याची नाव लिहिलेली टोपी घालून मी गेलो. छाती भरून फुंकलं. अर्ध्या तासाने माझी टोपी घालून माझ्या नावाने परत फुंकलं.

त्याचा कागद आला: नॉर्मल. त्याने पेढे आणले. मी खाल्ले.

सु.ला माहीत नाही. मंगललाही नाही.

मला वाटलं होतं, एक वर्ष मिळालं तर तेवढ्यात काहीतरी करू. काही केलं नाही. टोपी घातली आणि विसरलो.

गुरु., १८ सप्टें.

आज यंत्राच्या मागे लागलो. देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली आणि सोंडेच्या तोंडापुढे धरून बघत बसलो. पार जवळ धरली की धूर खेचून आत. हातभर लांब धरली की धूर आपला सरळ वर, सोंड नुसती घरघर करते. मधे एक जागा सापडली. एक वीत आणि चार बोटं, आणि वरून नाही, बाजूने. तिथे धूर रमतगमत वाकतो आणि आत जातो.

तोंडावरची जाळी ठिणग्यांच्या कणांनी बुजली होती, ती काढून ठेवली. ओढ चांगली वाढली.

रा.ला बोलावलं. त्या अंतरावर भंगारातल्या तुकड्यावर शिवण घालून घेतली. कापून बघितली. छिद्र एकही नाही. दुसरी घातली. तीही साफ. रा. तुकडा उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवत होता.

"उदबत्तीवर मशीन सेट केली म्हून साहेबास्नी सांगू नका. हसतील."

मंगळ., २३ सप्टें.

रा. चार दिवस सोंड वापरतोय. टेबलाच्या कडेला खडूने वीत अन् चार बोटांची खूण केली आहे. दुसऱ्या टेबलावरचा सोनवणे येऊन बघून गेला. उद्यापासून मीही लावतो म्हणाला. बघू.

मला रोज सकाळी उदबत्ती लावायची सवय लागली. चारी सोंडांना दाखवतो, मग काटा, मग सही. सोनवणे म्हणतो, भास्करराव आरती करतात. करतो बाबा. तुम्ही नुसता प्रसाद घ्या.

मंगलचा सु.ला फोन, की काल खोकला कमी होता. सु.ने भाकरी थापता थापता सांगितलं. मला एवढा आनंद झाला की लाज वाटली.

बुध., १ ऑक्टो.

खंडेनवमी. सगळी मशिनं धुतली, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. ड्रिलला माळ, ग्राइंडरला माळ, क्रेनच्या हुकाला माळ. रा.ने स्वतः त्याच्या सोंडेला माळ घातली, चांगली हातभर, मधे आंब्याची पानं. "हिच्यामुळं दोन हप्ते बरे गेले," म्हणाला. नारळ फोडला. देवरे साहेब सहकुटुंब आले होते, त्यांच्या बाईंनी सोंडेलाही ओवाळलं.

रा.च्या घरची रीत अशी की नवमीची माळ हाताने काढायची नाही. वाळून आपोआप पडेल तेव्हा पडेल. कोण कशाला मोडेल.

उद्या दसरा, सुट्टी.

शुक्र., ३ ऑक्टो.

कामावर. उदबत्त्या सगळ्या नवमीलाच संपल्या. आणू उद्या. काटा बघितला, हिरव्या पट्ट्यात, नेहमीपेक्षाही खाली. खाली म्हणजे फिल्टर साफ, असं पेटीवर लिहिलंय. लिहिलं 'ओके'.

रा.च्या सोंडेची माळ दिसली नाही. झाडणाऱ्या बाईंनी उचलली असेल. रा. जरा नाराज होता.

टाकी नं. ३ आतून जोडायला घेतली. चौथी सोंड मॅनहोलमधून आत पुरते.

सोम., ६ ऑक्टो.



साडेअकराच्या सुमारास सोनवणे ओरडला. तो टाकीबाहेर लक्ष ठेवायला होता. मी पोचलो तर रा. मॅनहोलमधून अर्धा बाहेर, दोन्ही हात काठावर, तोंड उघडं आणि श्वास आत जात नाहीये. ओढून काढला. खाली बसवला. ओठ बघवत नव्हते. किती वेळ गेला माहीत नाही. मला वाटलं, गेला. खरंच वाटलं.

हळूहळू आला. पाणी प्यायला. पहिलं वाक्य: "सोंड चालू व्हती ना?"

"चालू होती."

"मास्कबी काढला मी. म्हटलं, सोंड हाय."

दवाखान्यात चल म्हटलं तर माझा हात घट्ट धरला. "नको. कागदावर येतं." गुळाचा खडा मागितला. सोनवणेने दिला.

देवरे साहेब येऊन बघून गेले. त्यांना वाटलं, उकाड्याने चक्कर. रा.ने मान हलवली. मीही.

मंगळ., ७ ऑक्टो.

सकाळी सहाला जाऊन पाइप उघडला. चारी सोंडांचे पाइप जिथे एकत्र येतात, त्याच्या पुढच्या वळणावर झेंडूचा बोळा. दोरा, पानं, फुलं, वर काजळी. यंत्र चालू झालं तशी सोंडेने माळ गिळली होती. जाळी असती तर बाहेरच अडकली असती. जाळी मी काढली.

आणि काटा. रात्र झाली तरी डोक्यातून जात नाही तो काटा. वाटच बुजली, फिल्टरपर्यंत हवा पोचलीच नाही, म्हणून काटा खाली. साफ म्हणून नाही. मी बघितला आणि खूश झालो. एक उदबत्ती लावली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. शुक्र., शनि., सोम., तीन दिवस माझी सही आहे तिथे.

बरं, वाळलेल्या फुलांवर ठिणगी नाही पडली. पाइपच पेटला असता.

बोळा रा.ला दाखवला. हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "माळ मीच घातली ना."

म्हटलं, माळ तू घातलीस, पण बघायचं मला होतं. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. सोंड वर ढकलून दिली आणि हेल्मेट घातलं.

बुध., ८ ऑक्टो.

सु.ला सगळं सांगितलं. माळ, काटा, आणि गेल्या वर्षीची टोपीसुद्धा. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली.

"म्हणजे मंगल वर्षभर म्हणतेय रिपोर्ट चांगला आहे, मग दम का लागतो, तो रिपोर्ट तुमचा?"

हो म्हटलं.

"तुम्हाला काय वाटलं, तुम्ही त्यांना वाचवलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

शनि., ११ ऑक्टो.

जाळी परत बसवली. उदबत्तीचे पुडे चार आणून ठेवले. शीटवर पेनाने एक रकाना वाढवला: 'धूर ओढतो का, उदबत्तीने बघितले'.

देवरे साहेबांना (दे. सा.) भेटलो. टाकीच्या आत नेता येईल असं चाकांवरचं छोटं यंत्र मागितलं. छतावरच्याच्या भरवशावर माणूस टाकीत बसवायला नको. त्यांनी नीट ऐकलं, माणूस वाईट नाही. मग ड्रॉवरमधून फाइल काढली.

"भास्करराव, मी वर मागायला जाईन. ते विचारतील, कोणाला त्रास झालाय? गेल्या वर्षीचे सगळे मेडिकल नॉर्मल आहेत. रामदासचा तर आधी कमी होता, तोही सुधारला. मी काय दाखवू?"

फाइल माझ्यापुढे उघडीच होती. वरचाच कागद रा.च्या नावाचा. मी फुंकलेला.

मी म्हटलं, बरं साहेब. आणि उठलो.  आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय.

गुरु., २३ ऑक्टो.

भाऊबीज. मंगलला भाऊ नाही, दरवर्षी मलाच ओवाळते. रा. ओट्यावर बसून होता. आमचं बोलणं 'चहा घेता का' एवढ्यावर आलंय. मंगलने ओवाळताना विचारलं, "ह्या वर्षीबी रिपोर्ट चांगलाच येईल ना दाजी?" सु. आत निघून गेली.

मी ताटात घालायचं ते घातलं. दमलोय. वयाने नाही, ह्याने.

सोम., ३ नोव्हें.

नोटीस लागली. शिबिर १३ तारखेला.

दुपारच्या चहाला रा. आपणहून जवळ येऊन बसला. महिन्याने. मी ओळखलं.

"टोपी आणू ना?"

नाही म्हटलं.

"एकडाव. शेवटचं. पुढच्या वर्षी मीच सांगन त्यास्नी."

नाही म्हटलं. जिन्यावर थांबतोस, बसून झोपतोस, त्या दिवशी मेला असतास. मी किती वर्षं तुझ्या नावाने फुंकू? माझी छाती तुला लावता येत नाही रे.

कप ठेवला त्याने. "शिकवलं तुम्ही. डोकं खाली घाल म्हणले तुम्ही. आता वेल्डिंग सोड म्हणणारेबी तुम्हीच. मजा हाय तुमची."

खरं होतं ते सगळं. त्याचा कप मीच विसळला.

मंगळ., ११ नोव्हें.

रा. दोन दिवस आला नाही. सोनवणे म्हणतो, १३ ला पण येणार नाही, गावी चाललाय. सु.ने मंगलला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, तिला ठाऊक आहे.

मंगल फोनवर रडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "अक्का, मी आणते त्यांना."

गुरु., १३ नोव्हें.

आली. स्कूटीवर मागे बसवून गेटपर्यंत घेऊन आली त्याला. वॉचमनच्या खुर्चीपाशी उभी राहिली. रा. मान खाली घालून कॅन्टीनमध्ये गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

ह्या वेळी डॉक्टर मॅडम होत्या, तिशीच्या. नाव पुकारलं, रा. उठला. स्वतःची टोपी. फुंकलं. टेक्निशियन म्हणाला, परत. फुंकलं. परत. तिसऱ्यांदा खोकला आला आणि नळी निसटली. रांगेतले सगळे बघत होते.

मॅडमनी गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवला. कपाळाला आठ्या. "गेल्या वर्षी एवढं छान आणि आता हे? धुराने असं एका वर्षात एकदम कोसळत नाही सहसा. टीबीची तपासणी करून घ्या. घरात कोणाला आहे का?"

टीबी म्हटल्यावर रांग दोन पावलं मागे सरकली. सोनवणेसुद्धा. रा.चे कान लाल झाले.  तो बोलणारच नव्हता, मला सांभाळत होता. एवढं सगळं होऊन मला सांभाळत होता.

मी रांग सोडून पुढे गेलो. "मॅडम, तो गेल्या वर्षीचा कागद बाजूला ठेवा. तो श्वास माझा आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. सांगितलं. टोपीसकट सगळं, सगळ्यांसमोर. दे. सा. दारात उभे होते.

मॅडमनी माझा गेल्या वर्षीचा कागद शोधून काढला. दोन्ही शेजारी ठेवले. आकडे जवळपास सारखे. मग दोन वर्षांपूर्वीचा रा.चा खरा कागद काढला, तो आजच्याला लावला. 

"म्हणजे हळूहळू चाललंय हे. मधलं वर्ष आपल्याकडे नाहीच."

मी विचारलं, गेल्या वर्षी कळलं असतं तर?

"तर एक वर्षाचा धूर कमी गेला असता," म्हणाल्या. रागावून नाही, सरळ सांगितलं. टीबीची तपासणी राहू दे, पण मोठ्या दवाखान्यात पूर्ण तपासणी करा म्हणाल्या, आणि कागदावर लिहिलं: तोपर्यंत वेल्डिंग बंद.

रा. गेटपर्यंत चालत गेला. मंगलने स्कूटी चालू केली. मी कॅन्टीनच्या पायरीवर बसलो. एक वर्षाचा धूर किती होतो, ते मला चांगलं माहीत आहे.

शुक्र., १४ नोव्हें.

दे. सा.नी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या कागदावर खोटं केलं म्हणून लेखी खुलासा मागितलाय. देईन. काय लपवायचं राहिलंय.

निघताना म्हणाले, "ते चाकांवरचं यंत्र. आता मला वर दाखवायला कागद आहे." मग स्वतःच थोडे ओशाळले. "मंजूर होईलच असं नाही. पण मागतो."

टाकी नं. ४ आतून जोडायला कोणी नाही. सोनवणेला विचारलं, नाही म्हणाला. यंत्र येईपर्यंत मी आत बसत नाही म्हणाला. इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

सोम., १७ नोव्हें.

रा. आला. दे. सा.नी त्याला तात्पुरता माझ्या हाताखाली दिला. काय काम द्यायचं? फिल्टर झटकणं, नट आवळणं. शॉपमधला सगळ्यांत चांगला हात, आणि मी त्याच्या हातात पाना देतोय. तो मुकाट्याने करतो. तेच बघवत नाही. वेल्डिंग चालू झालं की त्याची मान तिकडे वळते. ठिणगीकडे असं बघू नकोस, काच नाही डोळ्यांवर, असं ओरडलो. मग उगाच ओरडलो असं वाटलं.

गूळ घेतला नाही त्याने आज.

शनि., २२ नोव्हें.

यंत्राचं अजून काही नाही. माझ्या खुलाशाचंही नाही. टाकी नं. ४ तशीच उभी.

सकाळी उदबत्ती रा.च्या हातात दिली. पहिली सोंड बघितली, ठीक. दुसरीपुढे जरा जास्त थांबला. "हिचा धूर वाकडा जातोय. फाटली असंल कुठंतरी." मी महिनाभर रोज बघतोय, मला दिसलं नव्हतं. वर चढून बघितलं तर सांध्यापाशी बोटभर चीर. नजर घारीचीच.

पट्टी मारली. शीट पुढे केली तर म्हणाला, सही तुमची ना. म्हटलं, बघितलं तू, सही तू कर. पेन धरून उभा राहिला. मग 'ओके'च्या चौकटीत 'चीर होती, बुजवली' असं बारीक अक्षरात लिहिलं आणि खाली नाव. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

चौथ्या सोंडेपाशी आलो. त्याचं टेबल. खडूची खूण अजून आहे. उदबत्ती माझ्याकडे दिली, मी धरली.

"सोमवारी मोठ्या दवाखान्यात नंबर हाय," म्हणाला. "तीच फुंकायची टेस्ट, मोठ्या मशीनवर. मंगल म्हणती, दाजींना घेऊन जा. येता का?"

"येतो. पण मी बाहेर बाकावर बसणार. आत तू."

"लांबचा बाक बघा मंग. जवळ बसलात तर सवयीनं उठून याल."

आणि हसला. दीड महिन्याने. हसता हसता खोकला लागला, टेबलाला धरून वाकला. मी काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतं. तो थांबेपर्यंत उदबत्ती तशीच धरून उभा राहिलो. धूर नीट आत जात होता.